वडिलांचा बीपी १५०/९६ राहतो, त्रास काहीच नाही. किडनी आणि हृदयावर परिणाम होतोय हे लवकर कसं कळेल?

तुम्ही लिहिलंय की वडील ५६ वर्षांचे आहेत, गोळी आठवली तर घेतात आणि क्रिएटिनिन (किडनी रक्तातून बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) १.३ म्हणजे ‘नॉर्मल’ आल्याने घरचे निर्धास्त आहेत. मला काळजी वाटते ती नेमकी याच निर्धास्तपणाची.

लघवीला फेस, घोट्यावर सूज, अंथरुणावर आडवं झालं की दम लागणं, ही लक्षणं दिसेपर्यंत बरंच नुकसान होऊन गेलेलं असतं. त्याआधीच्या खुणा फक्त तपासणीत सापडतात.

आधी किडनी. रक्त गाळणाऱ्या बारीक वाहिन्यांवर सतत जास्त दाब राहिला की त्यांतून अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीत झिरपायला लागतं. साध्या लघवी तपासणीत ते सुरुवातीला दिसत नाही. लॅबमध्ये ‘युरीन एसीआर’ (लघवीतल्या अल्ब्युमिनचं क्रिएटिनिनशी प्रमाण) असं नाव सांगून तपासणी मागा आणि सकाळची पहिली लघवी द्या. ३० मिग्रॅ/ग्रॅमच्या आत असेल तर ठीक, ३० ते ३०० म्हणजे इशारा, ३०० च्या वर असेल तर किडनीच्या डॉक्टरांना दाखवा. ताप, लघवीचा संसर्ग किंवा आदल्या दिवशीचा दमवणारा व्यायाम यांनीही आकडा वाढतो. म्हणून एका रिपोर्टवर घाबरू नका, तीन महिन्यांत पुन्हा करून बघा.

क्रिएटिनिन किडनीची निम्मी क्षमता जाईपर्यंत मर्यादेत राहू शकतं. त्यापेक्षा त्यावरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती वेगाने गाळते त्याचा अंदाज, बघा. ५६ वर्षांच्या पुरुषाचं क्रिएटिनिन १.३ असेल तर तो साधारण ६४ येतो, त्याच वयाच्या बाईचा मात्र ४८ च्या आसपास. तीन महिन्यांहून अधिक काळ ६० च्या खाली राहिला तर तो किडनीचा जुनाट आजार धरतात. वडिलांचे जुने रिपोर्ट शोधून आकडे तारखेनुसार एका कागदावर मांडा. सुटा आकडा फारसं सांगत नाही, घसरण सांगते.

हृदयाचं म्हणाल तर जास्त दाबाविरुद्ध रक्त ढकलून डाव्या कप्प्याची भिंत जाड होते. कार्डिओग्राम स्वस्त आहे, करून घ्याच, पण त्यात ही जाडी अनेकदा सुटते. टू-डी एकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, ती नीट मोजता येते. रिपोर्टमध्ये ‘एलव्हीएच’ (डाव्या कप्प्याची जाड भिंत) किंवा ‘डायस्टोलिक डिसफंक्शन’ (हृदय नीट सैल न होणं) लिहिलंय का ते वाचा. ‘ईएफ ६० टक्के’ (एका ठोक्यात कप्प्यातलं किती रक्त बाहेर पडतं ते) एवढंच बघून फाइल मिटू नका, कारण भिंत ताठर झाली तरी ईएफ चांगला राहतो. स्टेशनचा जिना पूर्वी एका दमात चढणारे वडील आता मध्येच थांबत असतील तर ते वयावर ढकलू नका, डॉक्टरांना सांगा.

बीपी घरीही मोजा. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकवून, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीला. अर्धा तास आधी चहा-तंबाखू नाही. सात दिवस सकाळ-संध्याकाळ दोनदोनदा मोजून पहिला दिवस सोडा आणि बाकीच्यांची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ किंवा जास्त असेल तर तो वाढलेलाच आहे. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर आकडा खोटाच जास्त येतो.

खर्चाची अडचण असेल तर मुंबईत केईएम, सायन, नायर ही पालिकेची रुग्णालयं आहेत.

गोळी रोज हवी. टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल ही बीपीची गोळी सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायचं असतं. क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत वाढलं तर बहुतेकदा चालतं, मनाने गोळी बंद करू नका. सांधेदुखीसाठी केमिस्टकडून परस्पर डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन मात्र आणू नका, बीपीच्या या गोळ्यांसोबत ती किडनीला घातक ठरू शकतात. कमी सोडियमचं मीठही डॉक्टरांना विचारूनच आणा, त्यात पोटॅशियम असतं.

बीपी १८०/१२० च्या वर आणि सोबत छातीत दुखणं, धाप, बोलण्यात अडखळणं किंवा हात-पाय लुळा पडणं असेल तर रिपोर्ट-बिपोर्ट बाजूला ठेवून थेट कॅज्युअल्टी गाठा, किंवा १०८ ला फोन करा.