जेपीजीमधून लेयर्स परत येतील का? (जिंप आणि एक्ससीएफ)

प्रश्न थोडक्यात असा आहे: गणेशोत्सवाचा फलक जिंप या चित्रं बनवायच्या प्रोग्राममध्ये केला, जेपीजी काढली आणि जिंप बंद केलं. आता आरतीची वेळ बदलायची आहे, पण फाईल उघडली तर एकच लेयर (चित्राचा एकावर एक ठेवलेला वेगळा थर) दिसतो.

त्या जेपीजीतून लेयर्स परत येणार नाहीत. जेपीजीत लेयर ठेवायची सोयच नाही, पारदर्शक भागही राहत नाही. भाजलेल्या पोळीचं पुन्हा पीठ होत नाही, तसंच हे.

बहुतेकांचं गणित शेवटच्या खिडकीत चुकतं. २०१२ मध्ये आलेल्या २.८ आवृत्तीपासून जिंपने 'सेव्ह' आणि 'एक्स्पोर्ट' वेगळे केले. कंट्रोल + एसने फक्त एक्ससीएफ, म्हणजे लेयर्स जपणारी जिंपची स्वतःची फाईल, बनते. जेपीजी, पीएनजी हवी असेल तर कंट्रोल + शिफ्ट + ई. सेव्हच्या चौकटीत नावापुढे .जेपीजी लिहिलं तर जिंप तिथेच अडवतं. मग माणूस एक्स्पोर्ट करतो, खिडकी बंद करतो आणि जिंप विचारतं, बदल सेव्ह केलेले नाहीत, काय करू? 'फाईल तर काढली की आत्ताच' असं म्हणून तो 'डिस्कार्ड चेंजेस' दाबतो. लेयर्स जातात ते त्या क्षणी. एक्स्पोर्टने लेयर्सना धक्का लागलेला नसतो, खिडकी बंद होईपर्यंत ते तसेच असतात.

म्हणून नवीन कॅनव्हास उघडल्याबरोबर, काहीही काढण्याआधी, कंट्रोल + एस दाबून एक्ससीएफला नाव द्या. तिच्यात लेयर्स, मास्क, चॅनल, पाथ, गाईड, चालू सिलेक्शन सगळं राहतं. राहत नाही ती अनडू हिस्टरी, म्हणजे मागे जाऊन बदल रद्द करायची यादी. व्हॉट्सॲपसाठी चित्र लहान करून सवयीने कंट्रोल + एस दाबलं आणि जिंप बंद केलं, की मोठं चित्र कायमचं गेलं. लहान करायचं असेल तेव्हा आधी कंट्रोल + डीने प्रत काढा, ती लहान करून एक्स्पोर्ट करा आणि टाकून द्या. मोठ्या बदलाआधी 'सेव्ह अ कॉपी' वापरून फलक-०१, फलक-०२ अशा फाईली ठेवा. 'फायनल', 'फायनल-नवीन' ही नावं आठवड्यात कोणालाच कळेनाशी होतात.

मजकुराचं वेगळं आहे. एक्ससीएफमध्ये अक्षरं, फाँटचं नाव आणि त्या लेयरचं चित्र जातं. फाँट जात नाही. दुसऱ्या संगणकावर फाईल उघडली तर फलक अगदी ठीक दिसतो, पण टेक्स्ट टूलने एक अक्षर बदललं की सगळी ओळ दुसऱ्याच फाँटमध्ये येते. जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फाँटमध्ये लिहिलं असेल तर थेट इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. फाँटची फाईल त्याच फोल्डरमध्ये ठेवा.

फाईल जड होते, ही तक्रार खरी आहे. ए३ आकार ३०० पीपीआयला (दर इंचाला ३०० पिक्सेल) म्हणजे ४९६१ × ३५०८ पिक्सेल. दर रंगाला ८ बिट धरले तर मेमरीत एक भरलेला लेयर सुमारे ७० एमबी, ३२ बिटला त्याच्या चौपट. डिस्कवर कमी जागा हवी असेल तर सेव्हच्या चौकटीत जास्त कॉम्प्रेशनचा पर्याय आहे. त्याने सेव्ह व्हायला वेळ लागतो, दर्जा कमी होत नाही.

२०२५ च्या ३.० आवृत्तीत फिल्टर लेयरवर वेगळे राहतात आणि नंतर बदलता येतात. असे फिल्टर असलेली एक्ससीएफ २.१० मध्ये उघडत नाही, त्यामुळे मंडळात दोघं काम करत असाल तर आवृत्ती एकच ठेवा.

आता तुमचा फलक. जेपीजी उघडा आणि लगेच एक्ससीएफ म्हणून सेव्ह करा. नवीन पारदर्शक लेयर घ्या. वेळेमागचा रंग सपाट असेल तर कलर पिकरने उचलून चौकोन भरा. मागे फोटो असेल तर चित्राचा एक भाग दुसरीकडे उमटवणारं क्लोन टूल घ्या आणि त्यात 'सॅम्पल मर्ज्ड' (सगळे दिसणारे लेयर्स मिळून नमुना) चालू करा, नाहीतर रिकाम्या लेयरवर काहीच उमटणार नाही. त्यावर नवीन टेक्स्ट लेयरमध्ये वेळ लिहा.