जुन्या लेगो स्पेसच्या नादाला लागण्याआधी

लेगो स्पेस म्हणजे लेगोच्या ठोकळ्यांचे अंतराळावरचे खेळण्यांचे संच. त्यातलं १९७९चं ९२८ नंबरचं मोठं यान पहिल्याच झटक्यात घ्यायला धावू नकोस. आधी त्यातले छोटे अंतराळवीर बाहुले सुटे घे, नजर तयार होते. हेल्मेटची हनुवटीखालची पट्टी भिंगातून बघ. सुरुवातीची पट्टी बारीक, तिथेच तडकते. छातीवरचं सोनेरी बोधचिन्ह पुसट असेल तर भाव पाड.

आणि राखाडी रंग! २००४च्या सुमारास लेगोने तो निळसर केला, त्यामुळे नंतर घुसवलेला तुकडा उन्हात धरला की लगेच कळतो. मी ट्यूबलाइटखाली घेतले, फसलो.

निळं-राखाडी यान, पिवळी पारदर्शक काच... त्या काळाला भविष्य असंच दिसायचं. ती काच मात्र कधी घासू नकोस, चरे जात नाहीत. खोकं नसलं तरी चालेल.