लाकोटाचं ॲप बनवण्याआधी

अनेक आशीर्वाद.

लाकोटा, म्हणजे अमेरिकेतल्या लाकोटा या आदिवासी जमातीची भाषा, शिकवणाऱ्या ॲपचा तुझा आराखडा नीट वाचला. तळमळ दिसते, मेहनतही दिसते. पण ज्येष्ठांचे आवाज ध्वनिमुद्रित केल्यावर ते कुणाच्या मालकीचे राहणार, हे त्यात कुठेच नाही. आधी ते ठरव. कोडिंग नंतर.

स्टँडिंग रॉक या लाकोटांच्या राखीव प्रदेशात याच प्रश्नावरून ठिणगी पडली. लाकोटा लँग्वेज कन्सॉर्शियम ही २००४ साली निघालेली संस्था. तिने पाठ्यपुस्तकं काढली, २००८ मध्ये मोठा शब्दकोश छापला, शिक्षक घडवले. काम खरोखर मोलाचं. पण आपल्याच आजी-आजोबांनी सांगितलेल्या भाषेच्या साहित्यावर संस्थेचा कॉपीराइट आहे हे पाहून लोक दुखावले, आणि २०२२ मध्ये तिथल्या ट्रायबल कौन्सिलने, म्हणजे जमातीच्या कारभारी मंडळाने, संस्थेला आपल्या हद्दीत यायलाच बंदी केली. मला कौन्सिलचं म्हणणं पटतं. १८७९ मध्ये पाइन रिज आणि रोझबड या राखीव प्रदेशांतली लाकोटा मुलं पार पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइलच्या निवासी शाळेत नेली. तिथे त्यांचे केस कापले, नावं बदलली, घरची भाषा बोललं की शिक्षा. ज्यांची भाषा अशी हिरावून घेतली, त्यांच्या वंशजांनी ती परत शिकायला बाहेरच्यांची परवानगी का मागावी?

म्हणून ध्वनिमुद्रणं, त्यांचे लेखी उतारे, सगळ्या फाइल्स जमातीच्या नावावर राहू देत. तुझ्याकडे फक्त वापरायची परवानगी, तीही त्यांना वाटेल तेव्हा काढून घेता येईल अशी.

मग स्टँडिंग रॉकमधल्याच फोर्ट येट्स गावी जा. सिटिंग बुल कॉलेजात २०१२ मध्ये लहान मुलांसाठी पूर्ण लाकोटातून चालणारा वर्ग सुरू झाला. अशा वर्गातल्या शिक्षकांना काय कमी पडतं ते विचार. रंगांची, प्राण्यांची नावं कुठेही मिळतात. दिवसभर एकच भाषा बोलायची, तर बूट घालताना, नाक पुसताना, खेळण्यावरून भांडण लागल्यावर बोलायची वाक्यं लागतात.

आणखी एक. लाकोटात वाक्याच्या शेवटी येणारे काही शब्द बोलणारी बाई आहे की पुरुष, यावर बदलतात. सगळं ध्वनिमुद्रण आज्यांकडूनच घेतलंस, तर मुलगेही बायकांची बोलण्याची रीत उचलतील. आजोबाही शोध. उच्चारात मराठीचा फायदा होईल: त-थ, क-ख हे भेद तिथेही अर्थ बदलतात. मात्र कंठ दाबून काढायची व्यंजनं तुझ्या कानाला नवी असतील. ती माणसासमोर बसूनच शिक.

कराराचा मसुदा झाला की आधी तो पाठव.