उत्तर : जस्त कॉलममध्येच सुटले असावे

ब्रह्मपुरीहून आपण लिहिले आहे की, वैनगंगेतील माशाच्या यकृतातून मेटॅलोथायोनिन (जस्तासारखे धातू धरून ठेवणारे लहान प्रथिन) वेगळे केले, पण एलसी-एमएसच्या (कॉलममधून रेणू वेगळे करून त्यांचे वस्तुमान मोजणाऱ्या यंत्राच्या) अहवालात धातूविना नुसत्या प्रथिनाचेच वस्तुमान आले आणि आता मार्गदर्शक शुद्धीकरण पुन्हा करायला सांगत आहेत. इतक्यात काही करू नका. असाच अहवाल माझ्याही हाती पडला होता.

आमचे महाविद्यालय तालुक्याच्या गावी आणि यंत्र दूरच्या शहरात. मे महिन्याच्या उन्हात थर्माकोलच्या डब्यात बर्फ भरून मी एसटीने नमुने नेले, वाटेत दोनदा बर्फ विकत घेतला, आणि एवढी काळजी घेऊन यंत्र असलेल्या केंद्राच्या अर्जात मात्र ‘प्रथिनाचे वस्तुमान’ इतकेच लिहिले. त्यांनी नेहमीची पद्धत चालवली : रिव्हर्स फेज कॉलम (पाण्याशी फटकून वागण्याच्या गुणावर रेणू वेगळे करणारा), अ‍ॅसिटोनायट्राइल हे द्रावक आणि ०.१ टक्का फॉर्मिक आम्ल, म्हणजे पीएच सुमारे २.७. या प्रथिनात सिस्टीन या अमिनो आम्लाचे गंधक जस्ताला धरून ठेवते; एवढ्या आम्लात त्या गंधकावर प्रोटॉन परत बसतात आणि जस्त सुटते. एक जस्त बसताना दोन प्रोटॉन जात असल्याने वस्तुमान सुमारे ६३.४ डाल्टनने (डाल्टन हे रेणूच्या वस्तुमानाचे एकक) वाढते. या प्रथिनात बसणाऱ्या सात अणूंचे ४४४ होतात, आणि माझ्या अहवालात नेमके तेवढेच कमी होते. मी विचारले, तर उत्तर मिळाले, ‘नमुन्यातच धातू नाही, दुसरा आणा.’ शुल्क गेले ते गेलेच. त्या एका वाक्यावर विसंबून मी आठ महिने निर्दोष शुद्धीकरण दुरुस्त करत बसलो, याचा राग अजून जात नाही.

आपण अमोनियम अ‍ॅसिटेट, पीएच सातच्या आसपास, आणि साइझ एक्सक्लूजन कॉलम (आकारावर रेणू वेगळे करणारा) मागावा; फॉस्फेट बफर मास स्पेकला, म्हणजे वस्तुमान मोजणाऱ्या भागाला, चालत नाही. हातातला आम्लातला अहवाल फेकू नका, तुलनेला तोच लागेल. धातू कोणता व किती, हे आयसीपी-एमएसने (नमुन्यातील मूलद्रव्ये मोजणाऱ्या यंत्राने) वेगळे पाहावे.

जाता जाता : प्रोटिएज इनहिबिटरच्या (शुद्धीकरणात प्रथिन तुटू नये म्हणून घालतात त्या) काही गोळ्यांत ईडीटीए हे धातू पकडणारे रसायन असते, तेही जस्त ओढून घेते. प्रथिन सहा-सात हजार डाल्टनचे असल्याने द्रावण घट्ट करताना दहा हजार डाल्टन मर्यादेच्या फिल्टरमधून ते निसटते. तीन हजारांचा वापरा. माझा अनुभव जस्तापुरताच आहे. तांबे आम्लातही अधिक घट्ट धरून राहते, तेव्हा त्याला हे जसेच्या तसे लावू नका.

दुसऱ्या खेपेस मी अर्जावर लाल शाईने ‘आम्ल नको’ असे लिहिले होते, तरी यंत्रावरची फॉर्मिक आम्लाची बाटली बदलेपर्यंत मला तिथेच उभे राहावे लागले.