शिक्षणाने गरिबी जाते म्हणतात, मग गावोगावी शाळा असूनही ती का जात नाही?

आधी शिक्षण आणि मग पैसा, असं तुम्ही धरून चालला आहात. मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. घरात पैसा कुठल्या वाटेने येतो त्यावरच पोर शाळेत टिकणार की नाही ते ठरतं, असं मला रोज दिसतं.

दसरा-दिवाळीला आमच्याकडची गावं ऊसतोडीला निघतात. सांगली, कोल्हापूर, थेट कर्नाटकापर्यंत. परत येतात मार्च-एप्रिलात. मुकादमाची, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची, उचल (आगाऊ मजुरी) पावसाळ्यातच घेतलेली असते आणि लग्नात, नाहीतर दवाखान्यात संपलेलीही असते. उचल मिळते कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. बाई घरी राहिली की तो अर्धा कोयता, उचलही निम्मी. म्हणून आई जाते, आणि आजी धडधाकट नसेल तर पोरंही जातात. पहिल्या सत्रात जेमतेम जोडाक्षरांपर्यंत आलेली मुलगी दुसरं सत्र उसाच्या फडात धाकट्या भावाला सांभाळत काढते. असे तीन-चार हंगाम गेले की तिचं नाव नुसतं पटावर उरतं.

जानेवारी 2024 मध्ये तोडणीचा दर टनाला 273 वरून 366 रुपये झाला. वाढ चांगलीच आहे. पण पहाटेपासून राबून एक कोयता दीड-दोन टन ऊस तोडतो, म्हणजे दोघांचे मिळून दिवसाला फार तर सव्वासातशे-साडेसातशे रुपये. तेही उचलीत वळते होतात. आजारपणात खाडा झाला की वरून कपात.

माझ्या एका विद्यार्थिनीच्या आईने हंगाम संपल्यावर वजनाच्या पावत्या माझ्यापुढे ठेवल्या, घड्या घालून जपलेल्या. "मॅडम, किती झालंय बघा की." मी बेरीज केली. उचलीतून ती वजा केल्यावर जेवढी बाकी उरायला हवी, त्याहून मुकादमाच्या वहीतली बाकी बरीच जास्त निघत होती. पण पुढची उचलही त्याच्याकडूनच घ्यायची, म्हणून ती गप्प बसली. हिशेब कळूनही तिला तो मागता आला नाही, आणि नुसत्या साक्षरतेने ही बाकी फिटेल असं मला म्हणूनच वाटत नाही.

मुलांपुरता एक उपाय मात्र मी चालताना पाहिला आहे: हंगामी वसतिगृह. पोरं गावातच राहतात, दोन वेळ जेवतात, शाळा सुटत नाही. पण ते टोळ्या निघायच्या आधी सुरू व्हावं लागतं. मंजुरी डिसेंबरात आली, तर ज्यांच्यासाठी ते आहे ती मुलं तोवर फडात पोचलेली असतात.