वाचक विचारतात : केबिन क्रूला संकटासाठी कसे तयार करतात?

विमान प्रवासातील सुरक्षेविषयी प्रश्न पाठवा, असे आवाहन मागच्या अंकात केले होते. सर्वाधिक पत्रे केबिन क्रूच्या प्रशिक्षणाबद्दल आली. त्यातले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

मुलीची एका विमान कंपनीत केबिन क्रू म्हणून निवड झाली आहे. तिला पोहता येत नाही. प्रशिक्षणात नेमके काय करून घेतात? – एक पालक, पुणे

पोहण्याची अट कंपनीगणिक वेगळी असते, त्यामुळे आधी निवडपत्र नीट वाचा. एवढे मात्र नक्की, की पाण्यातला सराव कोणालाच चुकत नाही. तो लाइफ जॅकेट घालून होतो. पाण्यात उतरायचे, तरंगत्या तराफ्यापर्यंत जायचे, वर चढायचे, दुसऱ्याला वर ओढून घ्यायचे, तराफ्यावरचे छत उभारायचे. चढताना बहुतेकांचे हात थकतात, कारण फुगलेले जॅकेट छातीपाशी आडवे येते. तराफ्याच्या पट्ट्या धरून पाय मागे जोरात मारले की अंग वर येते. रुजू होण्याआधी महिनाभर तरण तलावात जाऊन तिची पाण्याची भीती घालवता आली, तर फार बरे होईल.

या सगळ्या अभ्यासक्रमाला क्रूच्या बोलण्यात एसईपी (सेफ्टी अँड इमर्जन्सी प्रोसीजर्स) म्हणतात. तो नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, मंजूर केलेला असतो. विमानाच्या हुबेहूब सांगाड्यात प्रत्येक प्रकारचे दार स्वतः उघडावे लागते. स्लाइडवरून, म्हणजे दारातून जमिनीपर्यंत फुगणाऱ्या घसरगुंडीवरून, उडी मारावी लागते. आग विझवणे, धुरात रांगत जाऊन सीटच्या पाठी चाचपत माणूस शोधणे, प्रथमोपचार, धोकादायक मालाची ओळख, हेही त्यातच येते. धूर नाटकात वापरतात तसा निरुपद्रवी असतो, पण डोळ्यांसमोर धरलेला स्वतःचा हातही दिसत नाही. सीपीआरमध्ये, म्हणजे हृदय थांबलेल्या माणसावरच्या प्रथमोपचारात, 30 वेळा छाती दाबायची आणि 2 श्वास द्यायचे. वेग मिनिटाला 100 ते 120, खोली 5 ते 6 सेंटिमीटर. दोन मिनिटांनी दाबणारा बदलायचा, कारण थकलेला माणूस कमी खोल दाबतो आणि ते त्याच्या लक्षातही येत नाही.

स्लाइडसाठी पूर्ण बाह्यांचा जाड सुती पोशाख घालावा. अंगठ्या, कानातले, लांब नखे नकोत. काठावर बसून घसरायचे नसते. हात पुढे करून उडीच घ्यायची आणि पार्श्वभागावर उतरायचे. जो बसतो, तो मागच्या सगळ्यांना थांबवतो.

आणि एक, तिला मोठ्याने ओरडायची सवय करायला सांगा. या प्रशिक्षणात आवाज बारीक पडणे ही फार वेळा दाखवली जाणारी चूक आहे. मुलींना लहानपणापासून हळू बोलायला शिकवलेले असते, इथे तेच विसरावे लागते.

निघताना दारांबद्दल इंग्रजीत एक सूचना होते आणि क्रू दारापाशी काहीतरी करतात. ते काय असते? – एक वाचक, नाशिक

त्या वेळी दार ‘आर्म’ करतात, म्हणजे दाराच्या खालच्या भागात घडी घालून ठेवलेली स्लाइड विमानाच्या जमिनीशी जोडतात. ती जोडलेली असताना आतून दार उघडले की स्लाइड ओढली जाऊन बाहेर पडते. सिलिंडरमधला वायू सुटतो, तो बाहेरची हवाही ओढून घेतो आणि दहा सेकंदांच्या आत स्लाइड फुगून उभी राहते.

जोडण्याची रीत विमानानुसार बदलते. बोइंग 737 वर गर्ट बार नावाची धातूची दांडी क्रू वाकून हाताने दारावरून काढतात आणि जमिनीवरच्या खाचांत अडकवतात. मग खिडकीवर लाल पट्टा आडवा लावतात, म्हणजे बाहेरच्यालाही दार आर्म असल्याचे कळते. एअरबस ए320 वर हे काम एका दांड्याने होते, आणि दांडा चुकून हलू नये म्हणून असलेली पिन आर्म करताना काढून ठेवावी लागते. त्यानंतर समोरच्या दाराचा क्रू हे दार तपासतो आणि हा ते दार तपासतो. ज्याने काम केले त्याच्या डोळ्यांना स्वतःची चूक दिसत नाही, म्हणून ही उलटतपासणी.

विमान थांबल्यावर हे उलट क्रमाने होते. चुका जास्त होतात त्या इथेच: लांबचे उड्डाण, थकवा, दाराबाहेर उभा असलेला ग्राउंड स्टाफ, उतरायची घाई. आर्म असलेले दार आतून उघडले तर स्लाइड थेट बाहेरच्या माणसावर फुगते. ए320 वर दाराची मूठ किंचित उचलली आणि स्लाइड अजून जोडलेली असली तर पांढरा दिवा लागतो. म्हणून मूठ किंचित उचलायची, थांबायचे, दिवा पाहायचा आणि मगच पूर्ण उचलायची, असे शिकवतात. खिडकीजवळचा लाल दिवा लुकलुकत असेल तर आत हवेचा दाब शिल्लक आहे असे समजायचे. तेव्हा मुठीला हातच लावायचा नाही, कारण दार जोराने बाहेर फेकले जाईल.

संकटात मात्र क्रम असा: आधी खिडकीतून बाहेर बघणे. आग, पाणी, अवशेष, इंधन, यातले काही दिसले तर दार बंदच ठेवायचे आणि लोकांना दुसरीकडे वळवायचे. बाहेर मोकळे असेल तर स्लाइड आर्म आहे ना हे बघून दार जोराने उघडायचे आणि एका हाताने भिंतीवरची मूठ धरायची, नाहीतर मागून येणारी गर्दी क्रूलाच बाहेर ढकलते. लगेच स्लाइडवरची लाल मूठ ओढायची. स्लाइड आपोआप फुगत असली तरी ती ओढायचीच. वाट पाहून नाही फुगली असे ठरवण्यात सेकंद जातात.

सगळे प्रवासी 90 सेकंदांत बाहेर पडायला हवेत असा नियम आहे म्हणतात. जपानमध्ये तर 18 मिनिटे लागली होती. मग खरे काय? – एक विद्यार्थी, कोल्हापूर

दोन्ही खरे आहे. 90 सेकंदांची अट विमानाच्या रचनेला आहे. 44 हून जास्त आसनांचे नवे मॉडेल बाजारात येण्याआधी, अंधारात, निम्मीच दारे वापरून, पूर्ण भरलेले विमान तेवढ्या वेळात रिकामे होऊ शकते हे सिद्ध करावे लागते. कोणती दारे चालतील हे आधी सांगत नाहीत. मार्च 2006 मध्ये हॅम्बर्गला एअरबस ए380 मधून 873 जण 78 सेकंदांत बाहेर पडले होते.

एवढी घाई कशासाठी, हे 22 ऑगस्ट 1985 च्या मँचेस्टर दुर्घटनेवरून कळते. धावपट्टीवरच इंजिनाला आग लागलेल्या बोइंग 737 मधले 55 जण गेले, त्यातले बहुतेक भाजून नव्हे तर विषारी धुराने. पुढचे उजवे दार अडकल्यावर तिथल्या क्रूने त्याच्याशी झटत न बसता डावे दार उघडले आणि मग परत येऊन उजवेही मोकळे केले. अडलेले दार सोडून पुढच्याकडे जाणे हे आज प्रत्येक सरावात घोटवून घेतात.

2 जानेवारी 2024 ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचे ए350 उतरताना तटरक्षक दलाच्या विमानावर आदळले. त्या छोट्या विमानातल्या सहापैकी पाच जणांचा मृत्यू झाला. ए350 मधले सर्व 379 जण वाचले. आठपैकी तीनच दारे वापरता आली, कारण इतरांबाहेर आग होती. उद्घोषणा यंत्रणा बंद पडली, तेव्हा क्रूने मेगाफोन आणि स्वतःचा गळा वापरला. मागच्या दाराशी असलेल्या क्रूचा कॉकपिटशी संपर्क होत नव्हता. तिथे परवानगीची वाट न पाहता दार उघडण्याचा निर्णय झाला. हा अधिकार क्रूला प्रशिक्षणातच दिलेला असतो: आग, दाट धूर, पाणी किंवा विमान तुटणे असे उघड संकट असेल आणि आदेश येत नसेल तर स्वतः सुरुवात करायची. आमच्या मते या घटनेतली खरी शिकवण 18 मिनिटांच्या आकड्यात नाही. चुकीचे दार एकदाही उघडले गेले नाही आणि लोकांनी बॅगा जवळपास घेतल्याच नाहीत, यात ती आहे.

बॅग घेऊन उतरायला दोन सेकंद जास्त लागतील. पासपोर्ट, सोने, सगळे त्यातच असते. क्रू एवढे का ओरडतात? – एक वाचक, दुबई

आपल्या शहरातलेच उदाहरण घ्या. 3 ऑगस्ट 2016 ला तिरुवनंतपुरमहून आलेले एमिरेट्सचे बोइंग 777 दुबईत धावपट्टीवर आपटले. आत 300 जण होते. वाऱ्याने काही स्लाइड उडवल्या, काही दारांतून धूर आला आणि तशातही अनेक जण सामान काढत होते. सगळे प्रवासी बाहेर पडले, पण थोड्याच वेळात स्फोट झाला आणि त्यात एका अग्निशमन जवानाचा मृत्यू झाला.

दोन सेकंद एकट्याचे नसतात, मागच्या प्रत्येकाचे असतात. कप्पा उघडणारा माणूस पॅसेजमध्ये उभा राहतो आणि रांग तिथेच तुटते. चाकांच्या बॅगेने स्लाइडचे कापड फाटू शकते. ती खाली आधी उतरलेल्याच्या पाठीवर आदळते. क्रूपुढेही पेच असतो: हिसकावलेली बॅग दारातच पडली तर तिचाच अडथळा होतो, म्हणून पॅसेजमध्येच आवाजाने थांबवण्यावर भर असतो. त्यांचे ओरडणे उद्धटपणा समजू नका. तो ठरवून दिलेला सूर आहे, छोटी वाक्ये, पुन्हा पुन्हा.

पासपोर्ट, रोजची औषधे आणि फोन उड्डाणाच्या व उतरण्याच्या वेळी अंगावरच्या खिशात किंवा कमरेच्या छोट्या पाऊचमध्ये ठेवा. सपाट चपला-बूट काढू नका, उंच टाचा मात्र काढा.

विमानात पॉवर बँक पेटली तर क्रू काय करतात? पाणी टाकणे धोक्याचे नाही का? – एक अभियंता, नागपूर

इथे पाणीच लागते. लिथियम बॅटरीतला एक सेल तापून फुटला की त्याच्या उष्णतेने शेजारचा फुटतो. हॅलॉन नावाच्या वायूचे अग्निशामक ज्वाळा दाबते, पण सेल थंड करत नाही, आणि ते दहाएक सेकंदांतच रिकामे होते. म्हणून आधी ज्वाळांवर हॅलॉन, मग लगेच पाणी किंवा मद्य नसलेले कोणतेही पेय, भरपूर. बर्फ टाकायचा नाही, चादरीने झाकायचे नाही. दोन्हींमुळे उष्णता आतच कोंडते. तापलेली वस्तू उचलून पळायचेही नाही. ती शांत झाल्यावर पाण्याने भरलेल्या भांड्यात बुडवून ठेवायची आणि उतरेपर्यंत तिच्यावर नजर ठेवायची.

आगीशी एकट्याने लढायचे नसते. एक जण विझवतो. दुसरा कॉकपिटला कळवतो: कुठे, काय, धुराचा रंग. तिसरा अग्निशामके आणि धूररोधक मुखवटा आणतो, जो साधारण 15 मिनिटे चालतो. नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे मुखवटा न घालताच पुढे जाणे. आग विझते, पण माणूस खोकत कोसळतो.

जानेवारी 2025 मध्ये दक्षिण कोरियातल्या गिम्हे विमानतळावर एअर बुसानच्या ए321 मध्ये वरच्या कप्प्यात आग लागली. तपासात पॉवर बँकेकडे बोट दाखवले गेले. कप्प्यातली आग उशिरा दिसते, म्हणून पॉवर बँक नजरेसमोर ठेवा. चेक-इन सामानात ती चालतच नाही. सर्वसाधारण मर्यादा 100 वॉट-तासांची आहे. 20,000 एमएएच म्हणजे 3.7 व्होल्टच्या हिशेबाने 74 वॉट-तास. फोन सीटच्या फटीत पडला तर सीट पुढे-मागे करू नका, क्रूला बोलवा. सीटच्या यंत्रणेत चिरडलेली बॅटरी पेटते.

लाइफ जॅकेट आत फुगवू नका असे का सांगतात? – पणजी

कारण केबिनमध्ये पाणी शिरले की फुगलेले जॅकेट घातलेला माणूस छताला जाऊन चिकटतो, त्याला खाली बुडी मारून दारातून निघता येत नाही. नोव्हेंबर 1996 मध्ये इथिओपियन एअरलाइन्सचे विमान कोमोरोस बेटांजवळ समुद्रात कोसळले, तेव्हा अनेकांच्या बाबतीत हेच घडले. दाराच्या उंबऱ्यावर पोचल्यावर लाल दोरी ओढा.

ऑक्सिजन मास्कची पिशवी फुगत नाही. तो बिघाड असतो का? – सोलापूर

नाही. मास्क ओढला की वरच्या रासायनिक जनित्रात ऑक्सिजन तयार होऊ लागतो. पिशवी फुगो न फुगो, तो येत असतो. जनित्र तापते, म्हणून जळका वास येऊ शकतो. पुरवठा साधारण 12 मिनिटे चालतो, तेवढ्यात वैमानिक विमान कमी उंचीवर आणतात. 35,000 फुटांवर शुद्ध हरपण्याआधी हाताशी अर्धा ते एक मिनिट असतो, म्हणून आधी स्वतःचा, मग मुलाचा. क्रूसुद्धा तेच करतात: जवळचा कोणताही मास्क लावून बसतात, कोणाच्या मदतीला धावत नाहीत.

मला ए320 मध्ये पंखाजवळच्या बाहेर पडण्याच्या दाराशी सीट मिळते. क्रू विचारतात, मी हो म्हणतो. प्रत्यक्षात काय करायचे असते? – एक वाचक, ठाणे

हा प्रश्न सगळ्यांनी विचारायला हवा. चार क्रूंच्या विमानात पंखावरच्या दारांशी कोणी क्रू बसलेला नसतो, तिथले पहिले हात तुमचेच.

आदेश मिळाल्याशिवाय, किंवा संकट उघड असल्याशिवाय, हात लावू नका. आधी खिडकीतून पंखाकडे बघा. आग असेल तर समोरच्या बाजूला वळा. मोकळे असेल तर मुठीवरचे झाकण काढून मूठ खाली ओढा. दार आत येते आणि वजन साधारण 15 किलो असते, म्हणून दुसरा हात खालच्या खोबणीत असू द्या. मँचेस्टरला असेच जड दार उघडणाऱ्या प्रवाशावर पडले आणि मौल्यवान वेळ गेला. दार सीटवर ठेवू नका, बाहेर फेका. आधी एक पाय बाहेर, मग डोके, मग दुसरा पाय. पंखावर रंगवलेल्या बाणांच्या दिशेने मागे वळा, तिथे स्लाइड आपोआप फुगलेली असते. न फुगल्यास दाराच्या चौकटीतली लाल मूठ ओढा. बोइंग 737-800 वर मात्र हे दार वर उघडते आणि पंखावर स्लाइड नसते. तिथे पंखाच्या मागच्या कडेवरून, खाली झुकलेल्या फ्लॅपवरून घसरत उतरायचे.