किल्ली नसलेल्या घड्याळाची किल्ली

कोथरूडच्या एका वाचकाचा प्रश्न: काकांचं 1970च्या सुमाराचं ओमेगा स्पीडमास्टर हे मनगटी घड्याळ माझ्याकडे आलंय. ‘हँड-वाउंड क्रोनोग्राफ’ला मराठीत काय म्हणायचं? मोबाइलला विचारलं तर ‘हाताने जखमी कालमापक’ असं उत्तर आलं. शिवाय आई म्हणते ‘किल्ली दे’, मुंबईची बायको म्हणते ‘चावी भर’. घड्याळाला तर दोन्ही नाहीत!

मोबाइलला माफ करा. इंग्रजीत ‘वाउंड’ आणि जखमेचं ‘वूंड’ यांचं स्पेलिंग एकच, त्यामुळे बिचारं घड्याळ दवाखान्यात पोचलं. मराठी शब्द शोधायला लांब जायला नको, पेठेतल्या कुठल्याही जुन्या घड्याळजीकडे जा. भिंग डोळ्याला लावायच्या आधीच तो विचारेल, “किल्लीचं, ऑटोमॅटिक की सेलचं?” झालं. तुमचं घड्याळ किल्लीचं. ‘हस्तचलित’ वगैरे लिहिलंत तर हातगाडी आठवते.

आता ती नसलेली किल्ली. जुन्या खिशातल्या घड्याळांना खरोखरच वेगळी किल्ली असायची. 1840च्या दशकात आद्रियाँ फिलिप या फ्रेंच घड्याळजीने किल्लीशिवायची रचना केली आणि ते काम कडेच्या गोल बोंडावर आलं. किल्ली गेली, क्रियापद राहिलं. आपल्याकडे भिंतीवरच्या टोल देणाऱ्या घड्याळांना पुढेही कित्येक वर्षं किल्लीच लागायची, ती घड्याळाच्या पेटीत किंवा देव्हाऱ्याच्या खणात ठेवलेली असे. त्यामुळे मनगटावरच्या घड्याळालाही ‘किल्ली देणे’ म्हणताना कुणी अडखळलं नाही.

‘किल्ली’ ही ‘कील’, ‘खीळ’ यांच्या घरातली. ‘चावी’ आली पोर्तुगीज ‘शाव्ह’वरून. दोन्ही मराठीच, तेव्हा सुनेचा शब्द परका ठरवायचं कारण नाही. माझी कुरकुर आहे ती ‘भरणे’बद्दल. तो ‘चाबी भरना’चा हिंदी वास आहे. मराठीत पाणी, फी आणि दम भरतात, किल्ली ‘देतात’. दिलेली किल्ली ‘पुरते’ आणि मग ‘संपते’. तुमच्या घड्याळाला सकाळी दिलेली किल्ली जवळजवळ दोन दिवस पुरावी. अंगठा आणि तर्जनीत बोंड धरून फिरवा, बारीक कुरकुर ऐकू येईल. पीळ घट्ट लागला की थांबा. पुढे रेटलंत तर तो घड्याळजी पुन्हा भेटेल. (माणसाला किल्ली देणं वेगळं, तिथे कुठे थांबायचं हे बोटांना कळत नाही.)

‘क्रोनोग्राफ’ला मात्र मी हात लावणार नाही. शब्दाचा अर्थ ‘काळ लिहिणारा’, आणि ते अक्षरशः खरं होतं. 1821मध्ये पॅरिसच्या घोड्यांच्या शर्यतीत निकोला र्‍यूसेकचं यंत्र फिरत्या तबकडीवर शाईचे थेंब टाकून वेळ नोंदवत होतं. लुई म्वानेचं 1816चं यंत्र त्याहून जुनं, पण नाव शाईवाल्याचं टिकलं. आज शाई नाही, लिहिणं नाही; क्रोनोग्राफ म्हणजे पोटात स्टॉपवॉच असलेलं घड्याळ. वरचं बटण दाबलं की मधला लांब काटा निघतो, पुन्हा दाबलं की थांबतो, खालचं दाबलं की टपकन शून्यावर येतो. ‘काललेखक’ म्हटलं तर बखर लिहिणारा चिटणीस वाटेल. ‘कालमापक’ म्हणजे कुठलंही घड्याळ. त्यातून ‘क्रोनोमीटर’शी गोंधळ होतो तो वेगळाच: क्रोनोमीटर म्हणजे अचूकतेची परीक्षा पास झालेलं घड्याळ. स्वित्झर्लंडच्या प्रमाणपत्राला दिवसाला सरासरी 4 सेकंद मागे ते 6 सेकंद पुढे, एवढीच सूट. काकांचं घड्याळ क्रोनोग्राफ आहे, क्रोनोमीटर नाही. त्यात कमीपणा काही नाही. नासाने 1965मध्ये याच जातीचं घड्याळ अंतराळवीरांसाठी पास केलं आणि 1969मध्ये ऑल्ड्रिनच्या मनगटावरून ते चंद्रावर उतरलं.

एक शब्द मात्र घडवायचा मोह आवरत नाही. मोठ्या तबकडीतल्या त्या तीन छोट्यांना ‘उपतबकडी’ कशाला? ‘पोटतबकडी’ म्हणा. पोटभाडेकरूंच्या गावात तो लगेच कळेल. डावीकडची रोजचा सेकंद दाखवते, उजवीकडची 30 मिनिटं मोजते, खालची 12 तास. उजवीकडचीचा एक फेरा म्हणजे बरोबर सव्वा घटका, कारण घटका 24 मिनिटांची. आणि ‘घड्याळ’ शब्दाच्या पोटात तीच ‘घटी’ आहे, पाण्यात तरंगता तरंगता बुडणारी भोकाची वाटी. अजूनही काही लग्नांत भटजी ती घंगाळात सोडतात.

राहिलं लिंग. ‘ऑटोग्राफ’प्रमाणे मी ‘तो क्रोनोग्राफ’ म्हणतो, पण पुढे ‘घड्याळ’ आलं की सगळं नपुंसकलिंगी: काकांचा क्रोनोग्राफ, काकांचं किल्लीचं घड्याळ. आणि ते मनगटावर ‘बांधा’ किंवा ‘घाला’. ‘लावलं’ म्हणालात तर वेळ लावली असं आईला वाटेल.